घासलेले फूटरेस्ट

माझ्या जुन्या मिटिऑरच्या दोन्ही फूटरेस्टची टोकं घासून तिरकी झाली होती आणि मला त्याचा अभिमान होता. रविवारी सकाळी मुळशीच्या काठावर चहा-पोहे खाताना मित्रांपैकी कोणीतरी वाकून ती टोकं बघायचा, "ताम्हिणी घाट का?" असं विचारायचा आणि मी नुसती मान हलवायचो. वळणात गाडी एवढी झोपवतो की फूटरेस्ट डांबराला लागतो, हे स्वतःच्या तोंडानं सांगावं लागू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा असायची. आज ती टोकं आठवली की कसंनुसं होतं.

मी सत्तेचाळिशीतला पुणेकर. चोवीस वर्षं दुचाकीवर काढली. कॉलेजात काकांची स्कूटर, नोकरी लागल्यावर ॲव्हेंजर आणि २०२१ पासून रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५०. पाय पुढे सोडलेले, पाठ ताठ, हँडल छातीशी. खुर्चीत बसून गाव बघत जावं असा सगळा प्रकार. मग २०२३ च्या शेवटी एका ओळखीच्या गृहस्थांकडची २०१९ सालची कावासाकी निंजा झेडएक्स-६आर विकायला निघाली आणि माझी बुद्धी फिरली. पन्नाशीच्या आत एकदा तरी, हे कारण मी घरी दिलं. घरच्यांनी ते ऐकून घेतलं. पटलं असं मी म्हणणार नाही. मिटिऑर धाकट्या भावाकडे माणगावला गेली.

सौदा करण्याआधी गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला दाखवली. सगळा परिसर त्यांना मामा म्हणतो. त्यांनी इंजिनाला कान लावला, चेन फिरवून पाहिली, पुढचे शॉकअप्स दाबले आणि हात पुसत म्हणाले, "गाडी एक नंबर आहे साहेब. तुम्ही नवीन आहात."

चोवीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला नवीन म्हणतात! मी हसण्यावारी नेलं. त्या वाक्याचा अर्थ मला जसजसा कळत गेला, त्याच क्रमानं हे धडे.

१. वजन तेच, माप तेच. तरी गाडी तीच नव्हे

घेण्याआधी मी दोघींची पत्रिका जुळवली होती. मिटिऑरचं वजन १९१ किलो, झेडएक्सचं १९६. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोघींचं १४०० मिलिमीटर, एका मिलिमीटरचाही फरक नाही. म्हटलं, देहयष्टी तर सारखीच! मग बाकीचे गुण पाहिले. एकीचं ३४९ सीसीचं एकच सिलिंडर, ६,१०० आरपीएमला २० अश्वशक्ती. दुसरीला ६३६ सीसीत चार सिलिंडर आणि १३,५०० आरपीएमला साधारण १३०. सहापटीहून जास्त. साहजिकच माझी सगळी धास्ती त्या एका आकड्याभोवती घुटमळत राहिली.

बघायला हवे होते ते दुसरेच दोन आकडे. सीटची उंची ७६५ वरून ८३० मिलिमीटरवर गेली होती आणि पोटाखालची जागा १७० वरून १३० वर आली होती. पहिल्या महिन्यात ताकदीनं मला एकदाही छळलं नाही. छळलं ते या साडेसहा आणि चार सेंटिमीटरनी. गतिरोधक नियमाप्रमाणे दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असला, तर झेडएक्स त्यावरून सुखानं जाते. आमच्या गल्लीतला मात्र कुणीतरी एका रात्रीत डांबर ओतून केलेला. पहिल्याच संध्याकाळी पोटाखालून 'खर्रर्र' आलं आणि माझ्याच पोटात गोळा आला. आता तिथे गाडी तिरकी घेतो, नवी नवरी उंबरठा ओलांडते तशी, हळूच.

२. गाडी बदलल्याचं शरीराला उशिरा कळतं

मिटिऑरच्या गिअरला पुढे एक आणि मागे एक अशा दोन पट्ट्या. वरचा गिअर टाचेनं दाबायचा. झेडएक्सला मागची पट्टीच नाही. तीन आठवडे माझी डावी टाच हवेत गिअर टाकत होती. सिग्नल सुटला की दोन्ही पाय सवयीनं पुढे जायचे, जिथे पूर्वी फूटरेस्ट होते तिथे. आता ते मागे, बुडाखाली. दहा लाखांच्या वर्गातली गाडी आणि तिच्यावर पाय लोंबकळत ठेवून नळ स्टॉपचा चौक पार करणारा गृहस्थ, असं ते दृश्य होतं.

हसू येण्याजोगं एवढंच. नवव्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी नेहमीसारखी एका दमात गाडी वळवायला गेलो. या गाडीचं हँडल फार कमी फिरतं, हे मला माहीत होतं. माझ्या हातांना नव्हतं. हँडल शेवटाला टेकलं, समोर भिंत राहिली आणि मी दचकून पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना, चालीच्या वेगात. गाडी उजवीकडे कलली, मी पाय टेकवला, पण टेकला तो फक्त चवडा. १९६ किलो चवड्यावर पेलत नाहीत. गाडी आडवी झाली, अगदी सावकाश, म्हशीनं बसकण मारावी तशी.

वॉचमन धावत आला. "साहेब, लागलं का कुठं?" मला कुठंच लागलं नव्हतं. फेअरिंगला वीतभर ओरखडा आणि ब्रेकची मोडलेली दांडी, एवढंच. त्यानंतर चार रविवार एका मोकळ्या मैदानात विटा मांडून इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवली: क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, नजर पुढच्या विटेवर, पुढच्या ब्रेकवरची बोटं काढलेली. हातगाडीच्या वेगात जो गाडी सांभाळू शकत नाही त्यानं शंभरच्या वेगाच्या गप्पा मारू नयेत, हे तिथे कळलं.

३. हँडल हा आधाराचा कठडा नाही

पहिली लांब चक्कर भोरपर्यंत केली. परत आलो तेव्हा मनगटं इतकी ठणकत होती की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. क्रूझरवर अंगाचा भार सीटवर असतो. हात हँडलवर नुसते विसावलेले असतात. सुपरस्पोर्टवर माणूस पुढे ओणवा होतो आणि न शिकलेला माणूस सगळा भार तळव्यांवर टाकतो. मी तेच केलं होतं.

दुखणं हा त्यातला छोटा तोटा. मोठा तोटा असा की ताठ हातांनी गाडी वळत नाही. वेगात असलेली दुचाकी डावीकडे न्यायची तर डावा हँडल किंचित पुढे ढकलावा लागतो. वाचायला उलटं वाटतं, पण सायकल चालवणाराही नकळत हेच करतो. मिटिऑरच्या रुंद हँडलवर मीही न कळता तेच करत होतो. इथे हँडल अरुंद आणि खाली. दोन्ही हात भार पेलण्यात गुंतले की ढकलणार कोण? एक हात ढकलतो, दुसरा नकळत अडवतो आणि आपण म्हणतो, गाडी जड आहे.

उपाय मांड्यांत आहे. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, पोटाचे स्नायू आवळायचे आणि कोपरं सैल सोडायची. तपासायचं कसं? चालत्या गाडीवर कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी वरखाली हलवून बघायची. हलली तर ठीक. मी रोज सकाळी वीस मिनिटं प्लँक करू लागलो. डॉक्टर दहा वर्षं सांगत होते ते एका गाडीनं करून घेतलं.

यात एक सापळाही आहे. ताशी शंभरच्या आसपास समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटं हलकी होतात. म्हणजे गाडी आरामशीर कधी होते, तर कायदा मोडल्यावर. हा आराम फसवा आहे, हे स्वतःला बजावत राहावं लागतं.

४. एका गाडीत दोन गाड्या असतात

मिटिऑरची ओढ चार हजार आरपीएमला भरात येते आणि लगेच ओसरते. थोडं पिळलं, थोडी पळाली, हिशेब सरळ. झेडएक्स सहा हजारांपर्यंत गरीब गाय असते. कर्वे रस्त्यावर रिक्षाच्या मागे मुकाट चालते. माझा गैरसमज असा झाला की एवढीच असते की हिची ताकद, उगाच घाबरलो.

मग एका पहाटे बाह्यवळणावर, रस्ता रिकामा बघून, दुसऱ्या गिअरमध्ये पिळत गेलो. आठ हजारांच्या पुढे आवाज बदलला, दहाला हेल्मेट मागे खेचलं गेलं आणि समोरचा ट्रक, जो मघाशी बोटाएवढा होता, तो एकदम दारात येऊन उभा राहिला. मी किंचाळलो की हसलो, आठवत नाही. काट्यावरची लाल रेषा सोळा हजारांवर होती. मी तिच्या जवळपासही गेलो नव्हतो.

आपल्याकडे चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. ही गाडी ती पहिल्याच गिअरमध्ये ओलांडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू इथे दुचाकीला प्रवेशच नाही. लोणावळ्याला जायचं तर स्कूटरवाल्यांबरोबर जुन्याच रस्त्यानं जायचं. तेव्हा ही ताकद वापरायला मिळत नाही, सांभाळायला मिळते. पहिले सहा महिने मी गाडी कमी ताकदीच्या मोडवर ठेवली आणि मित्रांना सांगितलं नाही. आता सांगतो: ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. ट्रॅक्शन कंट्रोल तर कधीच बंद करू नका.

५. पुढचा ब्रेक शत्रू नव्हे

वडिलांनी स्कूटर शिकवताना पहिली ताकीद दिली होती: "पुढचा ब्रेक मारायचा नाही, तोंडावर पडशील." छोटी चाकं, ड्रम ब्रेक आणि रस्त्यावर वाळू, त्या काळात ते शहाणपणच होतं. पण ते शहाणपण माझ्या पायात रुतून बसलं. मिटिऑरवरही बहुतेक काळ मी मागच्याच ब्रेकवर गाडी थांबवली. लांब, आरामशीर गाडी. तिनं चालवून घेतलं.

सुपरस्पोर्टवर ब्रेक लागताच सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं, जवळजवळ तरंगतं. त्याला दाबून काय थांबणार? थांबवतो तो पुढचा ब्रेक. पण तो झडप घालून पकडायचा नाही, लिंबू पिळावा तसा पिळायचा. आधी हलका दाब, म्हणजे वजन पुढे येऊन टायर रस्त्याला चेपला जातो. मग त्या चेपलेल्या टायरवर हवा तेवढा जोर. दाबण्याची सुरुवात हळू, शेवट घट्ट आणि सोडतानाही झटका नाही. एबीएस आहे म्हणून झडप घालणं म्हणजे जाळी आहे म्हणून दोरीवरून उडी मारणं.

कागदावर एक गणित करून बघा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर कुत्रं आलं हे मेंदूला कळून बोटं हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर २२ मीटर ब्रेक न लागताच गेले. पाच मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं अंतर. पुढचं गणित जास्त कडू: वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायचं अंतर चौपट होतं. रविवारी एमआयडीसीचे रस्ते ओस असतात. तिथे ६० च्या वेगातून थांबायचा सराव मी आजही महिन्यातून एकदा करतो. कंटाळवाणा आहे. रियाजही कंटाळवाणाच असतो.

६. जिकडे नजर, तिकडे गाडी

२०२४ चा ऑक्टोबर, ताम्हिणी. पाऊस नुकताच गेला होता. डोंगराकडच्या बाजूला लाल माती वाहून आलेली, मधेच धबधब्याचं पाणी. डावं वळण, माझा वेग साठ. समोरून टेम्पो आला तो मधली रेघ ओलांडून, अर्धा माझ्या बाजूला.

काचेवर पिवळ्या अक्षरांत 'आई एकवीरा प्रसन्न' लिहिलं होतं. हे मी सांगू शकतो, कारण मी ते पूर्ण वाचलं. तीच चूक. जेवढा वेळ वाचत होतो तेवढा वेळ गाडी त्या अक्षरांकडे जात होती. भीतीनं मी ॲक्सिलरेटर झटक्यात सोडला. वळणात असं केलं की सगळं वजन पुढे कोसळतं, गाडीची लय मोडते आणि ती वळायचं सोडून रुंद जाऊ लागते. इथे रुंद म्हणजे टेम्पोच्या दिशेला. मिटिऑरवर हीच चूक मी शेकडो वेळा केली असेन. चाळीसच्या वेगात ती खपून गेली होती.

नंतर काय झालं ते मी शौर्य म्हणून सांगू शकत नाही. डावीकडची पांढरी कड दिसली, तिच्याकडे मान वळली आणि डावा हात आपोआप पुढे ढकलला गेला. टेम्पोवाल्यानंही स्टिअरिंग ओढलं. हातभर अंतरानं दोघं सुटलो. पुढे कणीस भाजणाऱ्या बाईंच्या टपरीशी थांबलो, हेल्मेट काढता येईना एवढी बोटं कापत होती. त्यांनी काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "बसा दादा जरा. घाट कुठं पळून जात नाही."

त्या दिवसापासून एकच नियम: ज्याला धडकायचं नाही त्याच्याकडे टक लावायची नाही. खड्डा, गाय, टेम्पो एकदा दिसला, नोंद झाली, आता नजर मोकळ्या वाटेवर. आणि वळणाच्या आधी वेग एवढा कमी करायचा की दिसतोय तेवढ्याच रस्त्यात थांबता यावं. घाटातल्या आंधळ्या वळणापलीकडे रिकामा रस्ता असेल असं धरून चालणं, ही जुगाराची सवय आहे.

७. वेग शिकायचा तर त्याच्या शाळेत जा

टेम्पोनंतर दोन महिने मी घाटात गेलोच नाही. मग पैसे साठवून गाडी ट्रकवर चढवली आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर गेलो. ३.७ किलोमीटरची फेरी, बारा वळणं. समोरून कुणी येत नाही, कुत्री नाहीत, माती नाही, चुकलं तर बाहेर मोकळी जागा, रुग्णवाहिका उभी. कीथ कोड यांनी १९८० मध्ये अमेरिकेत सुरू केलेली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल अनेक वर्षं याच ट्रॅकवर येऊन शिकवत आली आहे. मी गेलो तो साधा सरावाचा दिवस होता, पण नवशिक्यांसाठी एक प्रशिक्षक होते.

मला वाटलं होतं, इथे तरी पिळायला सांगतील. दोन फेऱ्या माझ्या मागून येऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही वळणात एवढ्या वेळा हँडल का दुरुस्त करता? एकदा ठरवा, एकदा ढकला, मग सोडून द्या." पुढच्या चार फेऱ्या त्यांनी मला ब्रेकला हातच लावू दिला नाही. वेग आधीच बेतानं ठेवायचा, वळायची जागा नेमकी शोधायची, वळल्यावर ॲक्सिलरेटर केसभर उघडून हळूहळू वाढवत न्यायचा. जे खरे वेगवान होते त्यांच्याकडे नीट पाहिलं. गाड्या पिसाटासारख्या जात होत्या. माणसांचे हात मात्र देवघरात निरांजन फिरवावं तसे सावकाश चालत होते.

तिथे जो वेग गाठला तो मी रस्त्यावर पुन्हा कधी गाठला नाही, गाठावासाही वाटला नाही. हौस तिथे फिटते, हा या खर्चाचा सगळ्यात मोठा फायदा.

८. टायर, हवा, चेन, कातडं

हे भराभर सांगतो. झेडएक्सला हवा पुढे ३६, मागे ४२ लागते. पंपावरचा मुलगा सवयीनं पुढे पंचवीस, मागे तीस भरायला निघतो. त्याला थांबवायचं किंवा स्वतःचा गेज बाळगायचा. टायर गार असताना धरत नाहीत. सकाळी सहाला निघालो तर पिरंगुटच्या घाटात मी शहाण्यासारखा जातो. मागचा टायर मिटिऑरवर संपतच नव्हता. इथे आठ हजार किलोमीटरला सपाट झाला आणि नव्याच्या किमतीत घरचा फ्रिज आला असता. दर पाचशे किलोमीटरला चेन धुऊन तेल द्यायचं. ॲव्हरेज पस्तीसवरून सतरावर आलं. घेताना गाडीच्या किमतीतच हेल्मेट, पाठीच्या संरक्षणाचं जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट धरा. उरलेल्या पैशांत जी बसेल ती गाडी घ्या. एप्रिलमध्ये सिग्नलला इंजिनाचा पंखा सुरू झाला की मांड्यांवर तवा ठेवल्यासारखं वाटतं. तरी जॅकेट काढायचं नाही. घाम पुसता येतो. डांबरावर गेलेलं कातडं परत यायला महिने लागतात.

९. डबलसीट आणि दुनिया

मागची सीट जेमतेम एका वडापावपुरती आहे. बायको एकदा बसली, डेक्कनपर्यंत. उतरून म्हणाली, "तुझं प्रेम तू कर, मी रिक्षानं येते." कोकणात सासुरवाडीला जाताना आमच्या गप्पा मिटिऑरवर व्हायच्या, ते दुःख खरं आहे. ज्यांचा अर्धा आनंद मागच्या सीटवर बसलेला असतो त्यांनी ही गाडी घेण्याआधी दोनदा विचार करावा.

दुनियेचे प्रश्न दोनच. मोठे विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" पोरं विचारतात, "काका, टॉप किती?" आणि लगेच, "काका, एकदा रेस मारा ना!" मिटिऑरवर मला कुणी बघत नव्हतं. इथे प्रत्येक सिग्नलला प्रेक्षक असतात आणि प्रेक्षक असले की उजव्या मनगटाला खाज सुटते. चाळिशी ओलांडलेल्यालाही सुटते. वयाचा भरवसा धरू नका. मी पोरांना एवढंच सांगतो, "टॉप अजून बघितला नाही रे." ती हिरमुसतात. खरं असतं, त्यामुळे मला बरं वाटतं.

१०. जुनी गाडी माझ्या चुका झाकत होती

गेल्या दिवाळीत भाऊ मिटिऑर घेऊन पुण्याला आला होता. बहिणीकडचं भाऊबीजेचं जेवण झालं, मुलं पेंगुळली, म्हणून तो सगळ्यांबरोबर मोटारीनं परतला आणि दुसऱ्या दिवशी मिटिऑर माणगावला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. रस्ता अर्थातच ताम्हिणी.

चांदणी चौकापर्यंत माझी टाच गिअर शोधायला विसरत होती. आता उलटी पंचाईत. मग गाडी ओळखीची झाली. तोच 'धप-धप' आवाज, तीच ऐसपैस सीट. मुळशी मागे पडली, घाट सुरू झाला आणि ते डावं वळण आलं. एकवीरेच्या टेम्पोचं. त्याआधी कितीतरी वर्षं हे माझं आवडतं वळण होतं, कारण इथे डावा फूटरेस्ट हमखास घासायचा. ठिणग्या उडतात म्हणे. मला कधी दिसल्या नाहीत, पण आवाज ऐकायला मी टपलेला असायचो.

या वेळी वळणाच्या बरंच आधी पुढचा ब्रेक पिळला, वेग उतरवला. बाहेरच्या कडेनंच राहिलो, वळण पूर्ण उघडेपर्यंत. मग एकदाच डावा हात ढकलला, खांदा आत झुकवला आणि ॲक्सिलरेटर केसभर. स्पीडोमीटरवर पूर्वीएवढाच वेग होता. मी आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज आला नाही. पुढच्या वळणाला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

तेव्हा उलगडलं. मी वर्षानुवर्षं वळणात वेगानं शिरत होतो, घाईनं लवकर वळत होतो आणि अर्ध्यात रस्ता संपतोय असं दिसल्यावर घाबरून गाडी आणखी झोपवत होतो. फूटरेस्ट घासायचा तो त्या शेवटच्या घाबऱ्या हिसक्यात. जो आवाज मी कौशल्याची सही समजत होतो तो चूक निस्तरण्याचा आवाज होता. मिटिऑर बिचारी सोशीक. वीस अश्वशक्ती, सावकाश चाल, मोठं मन. तिनं माझी प्रत्येक चूक पोटात घातली आणि मी तिलाच माझा अनुभव म्हणत राहिलो. झेडएक्सनं फार काही नवीन शिकवलं नाही. तिनं फक्त पांघरूण घालायला नकार दिला. मामांनी दोन मिनिटं इंजिनाला कान लावून गाडीची तब्येत सांगितली होती, आणि तेवढ्याच वेळात माझीही.

दुपारी माणगावला पोचलो. भावानं अंगणातच किल्ली घेतली आणि सवयीनं वाकून फूटरेस्ट बघितला. जुन्या तिरक्या टोकांवर मधल्या काळात गंज चढला होता, तो तसाच होता.

"काय दादा," तो म्हणाला, "सगळा घाट आलास आणि जरासुद्धा घासलं नाहीस? म्हातारा झालास की!"

मी नुसती मान हलवली.